तुझं माप धरून

वहिनी, परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. ज्या वर्गात तू अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवलीस, त्याच वर्गात. फळ्यावर कुणीतरी तुझं नाव सुंदर अक्षरात लिहिलं होतं आणि खाली रांगोळीसारखी वेलबुट्टी काढली होती. तुला ती आवडली नसती. "फळ्यावर नक्षी नको, जागा वाया जाते," असं म्हणाली असतीस आणि डस्टर फिरवला असतास.

मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, खोटं काय सांगू. पण मध्येच म्हणाले, "बाई त्यांच्या नणंदेची सोबत म्हणून कॉलेजात गेल्या. नणंदेची पुण्याई, म्हणून बाई शिकल्या." आणि माझ्याकडे बघून मान लववली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊ शेजारी बसला होता, त्याने माझा हात दाबला. त्याला ठाऊक होतं मी उठणार.

मी उठले. काय बोलले ते सांगते, पण आधी तुझ्याशी भांडायचं आहे. कारण मुख्याध्यापकांच्या डोक्यात हे कुणी भरवलं? तूच. आयुष्यभर जो भेटेल त्याला तू हेच सांगितलंस. "आमच्या ताईमुळे शिकले हो मी." आणि मी आयुष्यभर म्हणत राहिले की बाई, उलटं आहे. हा वाद अर्धा टाकून गेलीस. तू गेल्यामुळे तो संपला असं समजू नकोस.

आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी मान वर करूनच सांगते, आजही. बारावीला सायन्सला बरे मार्क पडले, तेव्हा गावातल्या चार जणांनी आबांना सांगितलं की पोरीला धुळ्याला घाला. आबांनी रात्रभर विचार केला असेल, सकाळी ओट्यावर बसून निकाल दिला. "मनी आंडेर एकली जाई नही. वहू संगे जाई." माझी मुलगी एकटी जाणार नाही, सून सोबत जाईल. बस्स. तू चुलीपाशी होतीस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बोदवडकडची पोर, बारावी सायन्स झालेली, हे सगळ्यांना लग्नात ठाऊक होतं पण कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. आबा म्हणाले, नुसतं झाडाखाली बसून राहण्यापेक्षा तिचंही नाव घाला, वेळ जाईल.

वेळ जाईल! म्हणजे तुझा प्रवेश झाला तो वेळ जावा म्हणून.

पहिल्या दिवशी एसटीत तू मला म्हणालीस, "ननंदबाई, मले खिडकी द्या. सोबत करनाऱ्याले येवढा तं मान पाह्यजे." आमच्या घरात सगळे तुझ्या बोलण्याला हसायचे. आम्ही 'शे' म्हणणारे, तू 'हाये' म्हणणारी. तू आम्हाला हसायचीस. "एवढ्याशा जिल्ह्याच्या अंतरात यायनं भाषा उलटी करून टाकली," म्हणायचीस. पण कॉलेजात शिरलो की दोघी शहाण्यासारख्या पुस्तकातलं बोलायचो आणि परतीच्या फाट्यावर उतरलो की पुन्हा आपापल्या बोलीत यायचो. डोक्यावर पदरही तिथेच यायचा, फाट्यावर. तू तो इतक्या सराईतपणे घ्यायचीस की कंडक्टर म्हणायचा, "वैनी, तुमचा पदर आला म्हणजे मला कळतं, बेल मारायची."

मला केमिस्ट्री कळत नव्हती. तुला पहिल्या महिन्यात कळली. हे मला टोचलं नाही असं नाही. पण तू कधी कळल्याचा तोरा दाखवला नाहीस, त्यामुळे टोचून घ्यायला फार वाव राहिला नाही. मी पाठ करायचे. 'गणात वरून खाली जाताना आयनांची त्रिज्या वाढत जाते, कारण प्रत्येक पायरीला एक नवं कवच वाढतं.' हे वाक्य मी घोकत भाकरी थापायचे. सहामाहीच्या चाचणीत हेच विचारलं, मी हेच लिहिलं, आणि पुढे विचारलं होतं, 'आयनाची त्रिज्या कशी ठरवतात?' तिथे माझी पाटी कोरी. नुसती तीच नाही, बाकीचीही. नापास झाले. मार्च उजाडला तरी माझ्या डोक्यात काही शिरेना, आणि एके संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं की मी परीक्षेला बसत नाही, मला नको ते कॉलेज.

आई म्हणाली, बरं झालं. आबांनी घास खाली ठेवला. "आंडेरच जाई नही, ते सोबत कसानी?"

पोरगीच जाणार नाही तर सोबत कशाची. आबा रागावले नव्हते, हिशेब सांगत होते. मी तुझ्याकडे बघितलं. तू तव्यावर भाकरी टाकत होतीस. तुझा हात वरच्या वर थांबला, भाकरी हातातच, आणि मग तू ती टाकलीस, इतकी हलकेच की तिला एक सुरकुती पडली नाही. त्या थांबलेल्या हातातून मला कळलं की माझ्या नापास होण्यात कोण बुडणार आहे. माझं काय, माझं लग्न झालं असतं. तुझं झालेलंच होतं.

दुसरी कुणी असती तर मला बोलली असती, रडली असती, माहेरी निरोप धाडला असता. तू दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून गच्चीवर नेलंस. बिबड्या, वर्षाचे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. सोनगीरच्या मोठ्या पितळी पातेल्यात ज्वारीचा घाटा खदखदत होता. तीळ, लसूण, मिरची, सगळं त्यात. ओलं धोतर गच्चीवर पसरलेलं. आई खाली घाट्याशी, आपण दोघी वर. ओल्या हाताने गरम घाटा घ्यायचा, धोतरावर टाकून बोटांनी गोल फिरवत पसरायचा. बोटं भाजतात, पण थांबलं तर घाटा थिजतो.

तू एक मोठी बिबडी घातलीस. म्हणालीस, "हे क्लोराइड. हे बदलायचं नाही." तिला चिकटून एक बारकी, पुरीएवढी. "हे लिथियम." मग पुन्हा तेवढीच मोठी, तिला चिकटून जरा मोठी. "सोडियम." अशा जोड्या लावत गेलीस, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. मी भाजलेली बोटं तोंडात घालून बघत होते.

"आता सांग, लिथियम कुठं संपलं आणि क्लोराइड कुठं सुरू झालं?"

मी वाकून बघितलं. कडा ओल्या. घाटा एकमेकांत उतरलेला. कुठे एकीची कड आणि कुठे दुसरीची, सांगताच येईना.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"तेच. कुणालाच नाही येत. आयनाला कड नसते गं. त्याचं ते ढगासारखं असतं, हळूहळू विरत जातं. मग मोजायचं काय?" तू बोट ओलं करून दोन्ही बिबड्यांच्या बरोबर मध्यात एकेक तीळ दाबलास. "या तिळापासून त्या तिळापर्यंत. केंद्रकापासून केंद्रकापर्यंत. स्फटिकावर क्ष-किरण टाकून हे एवढंच अंतर खरं खरं मोजता येतं. बाकी वाटणी."

मग तू मला वीत घालायला लावलीस. प्रत्येक जोडीत एका तिळापासून दुसऱ्यापर्यंत. मोठी बिबडी तीच, तरी अंतर वाढत चाललेलं. "जोडीदार तोच ठेव, म्हणजे वाढलं ते कुणामुळे ते कळतं," तू म्हणालीस. "आणि सारखं वाढतं का बघ." सोडियम ते पोटॅशियम बोट भरून उडी होती, पोटॅशियम ते रुबिडियम त्याच्या निम्मी. मला वाटलं तू चुकलीस. तू मुद्दाम तशी घातली होतीस. कवच वाढतं, पण मध्ये जे नवे दहा इलेक्ट्रॉन येऊन बसलेले असतात ते आडोसा नीट करत नाहीत, केंद्रकाची ओढ आत खेचते, म्हणून उडी लहान. "पुस्तकात एक ओळ असते, वाढत जाते म्हणून. किती वाढते आणि कुठं कमी वाढते, ते विचारायला कुणाच्या बापाची भीती आहे?"

तेवढ्यात आई वर आली. तिने गच्चीभर पसरलेल्या लहानमोठ्या बिबड्या बघितल्या आणि डोक्याला हात लावला. "ह्या बिबड्या शेतस का गाडाना चाकं?"

तू पदर सावरून म्हणालीस, "आत्याबाई, पाहुन्यायच्या मापानं घातल्या. बारीक पाहुन्याले बारीक."

त्या वर्षी आपल्याकडे जो कुणी जेवायला आला त्याच्या पानात एक ताटाएवढी आणि एक पुरीएवढी बिबडी पडली. काका अजून विचारतात. आई तर मरेपर्यंत म्हणायची, यांच्या कॉलेजापायी माझं एक वर्षाचं वाळवण वेडंवाकडं झालं.

परीक्षेला बसले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर चष्म्यातून बघत म्हणाले, "एका सोडियम आयनाची त्रिज्या कशी मोजाल?" मी म्हणाले, "सर, एकट्याची मोजता येत नाही. दोघांचं मिळून अंतर मोजतात, मग वाटून घेतात." त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी दाराकडे बोट केलं. तू बाहेर बाकावर तुझ्या नंबराची वाट बघत बसली होतीस, मांडीवर दोघींचे डबे.

मी पास झाले. तू वर्गात पहिली आलीस. आबांनी पेढे आणले आणि गावात सांगितलं, "मनी आंडेर पास व्हयनी." तुझं नाव कुणी घेतलं नाही. तू मला कोपराने ढोसून म्हणालीस, "सोबत चांगली असली का पोर पास होते."

बसमधला तो आपला वाद तुला आठवतो का? दुसऱ्या वर्षी. सरांनी वाटणी कशी करतात ते शिकवलं होतं. अंतर दोघांचं मिळून, पण त्यात कुणाचं किती? तर एका आयनाचं माप आधी धरून चालायचं. ऑक्साइडचं एक माप ठरवलं, की त्याच्या जोडीला जे जे येईल त्याचं वजाबाकीने निघतं. मग त्यांच्यावरून आणखी पुढच्यांचं. सगळा तक्ता असा उभा राहतो.

मी म्हणाले, "धरून चालायचं म्हणजे ठोकून द्यायचं. एवढं मोठं शास्त्र आणि पाया अंदाजाचा?"

तू म्हणालीस, "ठोकून नाही, ठरवून. एकाला कुणाला तरी धरल्याशिवाय दुसऱ्याचं माप निघत नाही."

"आणि ज्याला धरलं तेच चुकलं असेल तर?"

"तर सगळे सारखेच चुकतील. तक्ता तसाच राहील, खालचा मोठाच राहील." मग हसलीस. "आपल्या बांधासारखं आहे गं. दोन विहिरींमधलं अंतर कुणीही मोजावं. बांध कुठं घालायचा ते भांडून ठरवावं लागतं."

मी अख्ख्या रस्त्यात तुझ्याशी बोलले नाही. मला ते पटत नव्हतं. माझा हट्ट असा की प्रत्येकाचं आपलं स्वतःचं माप असलंच पाहिजे, एकट्याचं. मी पहिली शिकणारी होते ना. मला माझं माप माझंच हवं होतं.

तिसऱ्या वर्षाला माझं लग्न ठरलं. धुळ्यातच दिलं, सासरचे शिकू द्यायला तयार. माझं कॉलेज आता घरापासून चालत. आणि तुझं? तू गावाकडेच. सोबत करायला कुणी उरलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत तू माझ्या हाताला मेंदी लावत होतीस आणि मी तेच विचारत होते, तुझं काय होणार, वहिनी, तुझं काय होणार? तू म्हणालीस, "हात हालवू नको, पसरते."

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी मी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. मला खात्री होती तू येणार नाहीस. एसटी आली. आधी आबा उतरले. पांढरं धोतर, टोपी, हातात छत्री. मागून तू, पदर डोक्यावर, कारण सासरे सोबत. आबा माझ्याकडे बघून जरा खाकरले आणि म्हणाले, "आंडेरनं लगीन व्हयनं. आते वहूनी सोबत कोण करी? मी जासू म्हणलं."

वहिनी, ते वर्षभर आबा तुझ्यासोबत धुळ्याला आले. ग्रंथालयाच्या बाहेर लिंबाखाली बसायचे. शिपायाशी त्यांची दोस्ती झाली, पिकाच्या गप्पा व्हायच्या. सर जाता-येता त्यांना नमस्कार करायचे आणि आबा ताठ बसून तो घ्यायचे. एकदा मी ऐकलं, कुणीतरी विचारलं, बाबा, कुणाला घेऊन आलात? आबा म्हणाले, "वहू शे मनी. पह्यली येस." सून आहे माझी. पहिली येते. तुला मी हे तेव्हाच सांगितलं होतं. तू मान खाली घालून प्रयोगशाळेत निघून गेलीस आणि त्या दिवशी तुझ्या हातून एक ब्युरेट फुटली. तुझ्या हातून फुटलेली ती एकच.

तर आता बोल. मी पुण्याई कसली केली? मी नसताना तू शिकलीस. आबा माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी आले. हा माझा मुद्दा तू कधी खोडू शकली नाहीस. तू म्हणायचीस, "आबांना कॉलेजची सवय तुझ्यामुळे लागली." हे काय उत्तर झालं?

आणि माझा दुसरा प्रश्न, जो मी तुला दवाखान्यात विचारला. तुला सलाइन लावलेलं, भाऊ औषधं आणायला खाली गेलेला. मी म्हणाले, "खरं सांग, त्या पहाटे गच्चीवर मला शिकवलंस ते माझ्यासाठी का तुझ्यासाठी?" तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग दोन बोटं उचललीस. तर्जनी आणि मधलं बोट, एकमेकांना चिकटलेली. आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावर काहीतरी दाबल्यासारखं केलंस. एकदा इथे, एकदा तिथे. तीळ.

बोलायला हवं होतं. पटलं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण भाऊ आला, नर्स आली, आणि आपण चहाचं बोलत राहिलो.

शोकसभेत मी उठले ते सांगायचं राहिलंच. मी म्हणाले, "सर, एक दुरुस्ती करते. त्या माझी सोबत नव्हत्या. मी त्यांची सोबत होते." मग म्हणाले, "ते जाऊ द्या, त्यांना हेही पटलं नसतं." आणि बिबड्यांची गोष्ट सांगितली. पोरं आधी एकमेकांकडे बघायला लागली, मग मागच्या बाकावरून हसू फुटलं. शोकसभेत! मुख्याध्यापक गोंधळले. पण एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बाईंनी आम्हाला पण बिबड्यांवरच शिकवलं. पण त्या म्हणायच्या, ही युक्ती त्यांच्या नणंदेची आहे."

बघ. म्हणजे हेही! युक्ती तुझी, बोटं तुझी भाजलेली, आणि नाव माझं. तुझ्या हाताखालून किती पोरंपोरी गेल्या, कुणी जळगावला, कुणी नाशिकला प्रयोगशाळेत, आणि सगळ्यांच्या डोक्यात मी एक हुशार नणंद म्हणून बसले आहे. आता मी कुणाकुणाला दुरुस्त करत फिरू?

मी धुळ्याला माती तपासते. रोज पिशव्या येतात, पारोळ्याच्या, बोदवडच्या, कुठल्या कुठल्या. सोडियम किती, पोटॅश किती. शेतकरी विचारतात, ताई, तुम्ही कुठं शिकलात? मी आजवर कॉलेजचं नाव सांगत होते. आता मी म्हणते, गच्चीवर. ते हसतात. मी हसत नाही.

परवा भाऊने विचारलं, यंदा बिबड्यांचं काय करायचं. मी म्हणाले, मी येते, घालू. तुझ्या गच्चीवर, तेच पातेलं. आणि वाद तसाच चालू राहील, तुझं तू म्हण, माझं मी म्हणते. कुणामुळे कोण शिकलं याचा बांध मला घालता येत नाही, आता मी तो घालणारही नाही. पण तुझी ती बसमधली गोष्ट एवढ्या वर्षांनी मान्य करते. एकाला कुणाला तरी धरावं लागतं, मग बाकीच्यांची मापं निघतात. पहिली बिबडी मी तुझ्या मापाची घालीन, ताटाएवढी, आणि तिच्या मध्यात तीळ दाबीन. आमच्या घरातल्या पुढच्या सगळ्या पोरींना, आणि मला, तिथून मोजायचं.